दिवाणखान्यातले विमान

"आबा, या दिवाळीला मला ड्रेस नको, पैसे नकोत. मला एक योक घेऊन द्या," असे आमच्या नातीने गणपतीत सांगितले, तेव्हा मी पानावर बसलो होतो आणि हातातला मोदक हातातच राहिला. योक म्हणजे जू, एवढे इंग्रजी मला येते. माझे बालपण कल्याणला गेले. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला मामाचे शेत होते आणि त्याच्या बैलांच्या मानेवर जू चढवताना मी पुष्कळदा पाहिले आहे. पण ठाण्याला, नौपाड्यात, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या अकरावीतल्या मुलीला जू कशाला हवे?

"बैलांचे नव्हे हो, आबा. विमानाचे!" नात म्हणाली, आणि सगळी पंगत माझ्याकडे पाहून हसली.

विमानाचे नाव निघाले आणि मला नेवाळीच पुन्हा आठवली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथली जमीन घेऊन लष्करी विमानांसाठी धावपट्टी केली होती. त्याच जमिनीच्या वादावरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, ते आमच्या बाजूच्या वाचकांना आठवत असेल. माझ्या लहानपणी युद्ध केव्हाच संपले होते. विमान एकही दिसत नसे. मामाचे बैल मात्र तिकडून संथपणे जात. त्या धावपट्टीवर मी दोन्ही हात पसरून, तोंडाने घरघर आवाज करीत धावलो आहे. पण ती गोष्ट पुढे येईल.

आधी योक म्हणजे काय, ते सांगतो. कारण ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल आहे, त्या घरात आज ना उद्या ही मागणी यायची. संगणकावर विमान चालवण्याचा एक खेळ असतो. पडद्यावर विमानाची काच, घड्याळासारखी उपकरणे आणि बाहेर खरेखुरे दिसणारे जग. हे विमान संगणकाच्या बटणांनीही चालते, पण ते म्हणजे हार्मोनियम काठीने वाजवण्यासारखे झाले. म्हणून टेबलाच्या कडेला एक चाक बसवतात. ते मोटारीच्या चाकाचे वरचे आणि खालचे भाग कापून टाकल्यासारखे दिसते. हेच योक. डावीकडे फिरवले की विमान डाव्या कुशीवर कलते, पुढे ढकलले की नाक खाली जाते, छातीकडे ओढले की नाक वर येते. नाव ऐकून मी हसलो होतो, पण आपले जू, संस्कृतातले युग, योग आणि इंग्रजांचे योक हे सगळे एकाच कुळातले शब्द आहेत. जोडणे हा त्यांचा मूळ अर्थ.

जावईबापूंचे म्हणणे वेगळे होते. "बाबा, हिला वैमानिक व्हायचे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. आज खेळणे घेऊन दिले की उद्या खरे विमान मागेल. नाही म्हणायचे ते आजच म्हटलेले बरे."

त्यावर सौभाग्यवतींनी आपली तोफ डागली. "कांदिवलीच्या त्या कॅप्टन अमोल यादवांनी घराच्या गच्चीवर अख्खे विमान बांधले. आपली पोर नुसते चाक मागते आहे!" २०१६ साली बांद्रा-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते विमान ठेवले होते, तेव्हा आमच्या मंडळींनी ते वर्तमानपत्रात पाहिले होते. या युक्तिवादाला जावईबापूंकडे उत्तर नव्हते. शेवटी असे ठरले की, पंचवीस हजार रुपयांच्या आत जे बसेल ते घ्यावे, आणि निवड मी करावी. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कपाट घ्यायचे झाले तरी चार दुकाने फिरून, बिजागऱ्या हलवून पाहतो. तेव्हा हे काम माझ्याकडे यावे, हे साहजिकच होते.

खेळणे या शब्दाने नातीचे तोंड उतरले होते. म्हणून मी प्रथम त्या शब्दाचाच शोध घेतला, आणि मोठी गमतीची हकीगत हाती लागली. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरवणारे भाते वापरून या मुलाने १९२९ साली लाकडाचे एक आखूड विमान केले. आत बसून दांडा हलवला की ते भात्यांच्या जोरावर कलायचे, डुलायचे. लष्कराने सुरुवातीला फारशी दाद दिली नाही. जत्रेत पैसे देऊन लोक त्यात बसत. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. ढगात आणि अंधारात केवळ उपकरणे पाहून उडण्याची सवय नसल्याने बरेच वैमानिक दगावले. तेव्हा कुठे लष्कराला जत्रेतल्या त्या पाळण्याची आठवण झाली आणि त्याने सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक लोक या यंत्रांवर शिकले. घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचा विमानाचा खेळ १९८२ साली आला, तो याच घराण्यातला.

हे मी जावईबापूंना ऐकवले. ते म्हणाले, "म्हणजे आधी खेळणे होते, मग शिक्षण झाले."

"बरोबर. आणि शिक्षण की खेळणे, हे यंत्रावर नाही, बसणाऱ्यावर ठरते," मी म्हणालो. ते गप्प बसले. पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

आता माझी फजिती सांगतो. स्वस्तात मिळते म्हणून मी ठाण्यातच एका गृहस्थांकडून वापरलेले योक चार हजारांना उचलले. घरी आणून जोडले, तर दोन संकटे उभी राहिली. पहिले म्हणजे ते टेबलाला बसेना. आमच्या टेबलाच्या कडेखाली खणाची लाकडी चौकट होती आणि योकच्या शिकंज्याला पकडायला जागाच नव्हती. दुसरे म्हणजे हात न लावताही पडद्यावरचे विमान हिवताप भरल्यासारखे थरथरत होते.

या थरथरीचे कारण जुन्या रेडिओच्या मालकांना पटकन कळेल. रेडिओचे आवाजाचे बटण जुने झाले की फिरवताना खरखरते ना? आत एक पट्टी आणि तिच्यावर घासणारा काटा असतो. झिजला, धूळ बसली की खरखर सुरू होते. काही योकमध्ये हात किती फिरला हे मोजायला हेच तंत्र असते. दुसऱ्या प्रकारात लोहचुंबक फिरतो आणि समोरचा तुकडा त्याला स्पर्श न करता त्याची जागा ओळखतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या गुणधर्मावर तो चालतो. तिथे घासणेच नाही, म्हणून झिजणेही नाही. तेव्हा जुने योक घेताना हे विचारावे, आणि ते मालकाच्या घरी संगणकाला जोडून, हात सोडून, काटा स्थिर राहतो का हे पाहावे. मी पाहिले नाही; चार हजारांची शिकवणी घेतली.

मग मात्र मी रीतसर वाटेने गेलो. पहिला प्रश्न योक कोणते हा नाही, विमान कोणते हा आहे. सगळ्या विमानांना योक नसतेच! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात गुडघ्यांमध्ये उभा दांडा होता. आज आपण ज्या एअरबस ए-३२० मधून गोव्याला किंवा दिल्लीला जातो, तिच्यात वैमानिकाच्या बाजूला लहानसा दांडा असतो. उलट बोइंगमध्ये आणि लहान गावांना जाणाऱ्या एटीआरमध्ये योक असते. शिकाऊ विमानांतही दोन्ही तऱ्हा आहेत. सेस्ना १७२ हे १९५५ साली प्रथम उडालेले आणि जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेले विमान, त्याला योक. ऑस्ट्रियाच्या डायमंड डीए-४० ला दांडा. ज्याला एअरबसच चालवायची हौस आहे, त्याने योकच्या मागे लागू नये. दांडा स्वस्त पडतो, जागा कमी घेतो, आणि बहुतेक दांडे मुळाशी पिळता येतात, म्हणून पायांचे कामही त्यातच भागते.

नातीला मी विचारले, "तुला कोणते विमान चालवायचे आहे?"

"आधी सेस्ना. आणि मग फोकर फ्रेंडशिप."

"ते तर आता जुने झाले!"

"झाले. पण सौदामिनी देशमुखांनी तेच चालवले होते."

नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचे फोकर फ्रेंडशिप कलकत्त्याहून सिल्चरला नेले, तेव्हा त्या विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. एका मराठी बाईच्या हातातले ते योक नातीच्या मनात बसले होते. तेव्हा दांड्याचा प्रश्न मिटला.

दुसरी पायरी हाताची. कल्याणला खडकपाड्यात आमच्या ओळखीच्या एका तरुण इंजिनियराने घरी असे विमान मांडले आहे. त्याच्याकडे दोन तऱ्हांची योक होती. एका रविवारी नातीला घेऊन मी तिकडे निघालो, तेव्हा शेजारचे काकाही बरोबर आले. काका म्हणजे मध्य रेल्वेचे निवृत्त मोटरमन. मी तीस वर्षे ज्या लोकलला लोंबकळत होतो, ती हाकणाऱ्यांपैकी ते एक.

दोन्ही योकवर हात ठेवल्यावर फरक काय तो मला कळला. पहिले योक दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ९० अंश फिरत होते, दुसरे १८०. खऱ्या सेस्नाचे योक पुष्कळ फिरते. कमी फिरणाऱ्या योकला थोडा धक्का लागला की विमान जास्त कलते, आणि हाताला हिसक्याची सवय लागते. दुसरी गोष्ट मध्याची. पहिल्या योकमध्ये चाक सरळ झाले की खट्‌कन खाचेत बसल्यासारखे वाटे. मला वाटले, बरे आहे, मध्य कुठे ते कळते. काकांनी मान हलवली.

"साहेब, हे वाईट. धावपट्टीवर उतरताना हात सारखा मध्याच्या अलीकडे-पलीकडे करावा लागत असणार. दर वेळी ही खाच ओलांडायला जोर लावायचा, आणि ओलांडली की हात जास्तच जायचा. मध्य हाताला कळावा, पण आडवा येऊ नये."

तो तरुण इंजिनियर काकांकडे आदराने पाहू लागला. तिसरी गोष्ट दांडी पुढे-मागे सरकण्याची. ती जिन्यावरच्या ट्रंकेसारखी अडखळू नये. दोन बोटांनी हळू ओढली तर हळूच यायला हवी. पोलादी दांडी आणि छर्रे असलेली रचना यात सरस. नातीला मी डोळे मिटून योक अगदी थोडे ओढायला सांगितले, आणि पडद्यावरचे नाक किती उचलले ते आम्ही पाहिले. दुकानात किंवा मित्राकडे ही परीक्षा कोणालाही करता येईल.

मग काकांनी विचारले, "यातला हात सोडला तर काय होते?"

"विमान नीट साधलेले असेल तर काहीच होत नाही, काका. सरळ जात राहते," नात म्हणाली. योकशेजारच्या लहान चक्रीने विमानाचा तोल असा साधायचा की हातावर भार राहू नये. याला ट्रिम म्हणतात.

काका क्षणभर थांबले. "आमचे उलट होते. मोटरमनचा तो दांडा दाबूनच धरायचा. हात सुटला की गाडीला आपोआप ब्रेक. मी आयुष्यभर हात दाबून धरला, पोरी. तू सोडायला शीक."

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. खऱ्या विमानात वेग वाढला की योक हाताला जड लागते, कारण पंखावर वारा दाबत असतो. घरच्या साध्या योकमध्ये फक्त स्प्रिंग असते. तिला वाऱ्याची खबर नाही. तो भार देणारी मोटारीची योकही निघाली आहेत, पण ती आपल्या खिशाबाहेरची. शिवाय घरी घालवलेले तास परवान्याच्या हिशेबात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, ते खऱ्या विमानातच. आणि शिकवणारे सांगतात, घरी शिकलेली मुले बाहेर बघायचे सोडून उपकरणांकडेच पाहत बसतात. ही खोड आधीपासून मोडावी.

बाजारातली चार नावे सांगतो, म्हणजे वाचकांना दुकानात बोलता येईल. लॉजिटेकचे, म्हणजे पूर्वीच्या सायटेकचे, योक जुने आणि सर्वत्र आढळणारे. ते कमी फिरते, पण बरोबर तीन दांड्यांचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा संच येतो. हनीकोंबचे अल्फा १८० अंश फिरते आणि त्याच्या तळाशी दिव्यांची बटणे नि इंजिन सुरू करायची किल्लीही आहे. थ्रॉटल मात्र वेगळा घ्यावा लागतो. टर्टल बीचचे व्हेलॉसिटीवन थ्रॉटलसकट मिळते आणि एक्सबॉक्सवरही चालते. थ्रस्टमास्टरचे बोइंगच्या ७८७ वरून केलेले. त्याची दांडी आत-बाहेर सरकत नाही, तर लंबकासारखी झुलते. घेण्यापूर्वी ते आपल्या यंत्राला चालते का, हे खोक्यावर वाचावे. खेळाला पैसे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट मिळतो.

आणखी दोन खर्च खोक्यावर लिहिलेले नसतात. पहिला पायांचा. विमानाच्या शेपटीचे सुकाणू पायांनी चालते, आणि योकमध्ये ते नसते. पायाचे पेडल वेगळे. ते नसेल तर संगणकच पायाचे काम करतो, आणि शिकणाऱ्याचे पाय आळशी राहतात. तेव्हा सगळे पैसे चाकात घालू नयेत. दुसरा खर्च टेबलाचा. कडेची जाडी मोजावी, खाली चौकट आहे का पाहावे, आणि योक पूर्ण ओढले तर कोपर मागच्या भिंतीला लागते का, हे खुर्चीत बसून बघावे. आम्ही डोंबिवलीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी करून घेतली. तिच्या पुढच्या कडेला योक, आणि मागची बाजू दोन शिकंज्यांनी टेबलाला आवळलेली. खणाची अडचण दूर झाली.

इतके सगळे ठरले, तरी मी खरेदी लांबवत होतो. नात रोज विचारी आणि मी काहीतरी सबब सांगे. सौभाग्यवतींनी एका रात्री दिवा मालवताना विचारलेच, "तुम्हाला तिचे डोळे आठवतात ना?"

नेवाळीच्या धावपट्टीवर हात पसरून धावणारा मुलगा पुढे वैमानिक व्हायला निघाला होता. १९७२ साली मी हवाई दलात जाण्यासाठी लेखी परीक्षा दिली, उत्तीर्ण झालो, मुलाखतीतही निभावलो. मग वैद्यकीय तपासणीत समोर एक पुस्तक आले. जपानच्या डॉ. शिनोबू इशिहारांनी १९१७ साली तयार केलेले, रंगीत ठिपक्यांचे. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा असतो. मला पहिल्या पानानंतर आकडा दिसेना. लाल आणि हिरवा यांत माझे डोळे घोटाळा करतात, हे मला सतराव्या वर्षी त्या खोलीत कळले. घरी येऊन मी वडिलांना एवढेच सांगितले, की जमले नाही. पुढे बँक, लोकल, संसार. टोमॅटो पिकला की कच्चा, हे आजही मंडळी सांगतात. मुलीला मात्र मी कधी बोललो नाही. आणि आता भीती ही, की माझे डोळे नातीकडे गेले असले तर? योक हातात देऊन, तिला आभाळाची गोडी लावून, मग कोणीतरी ते पुस्तक तिच्यापुढे धरणार?

मी ठाण्याला गेलो आणि मुलीला व जावईबापूंना सगळे सांगितले. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, इतकी वर्षे?" दुसऱ्या दिवशी आम्ही चौघेही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी माझे ऐकून घेतले आणि कागदावर रेघा काढून समजावले. हा दोष आजोबांकडून मुलीत झाकून येतो आणि मुलीच्या मुलात आठ आणे शक्यतेने उघडा पडतो. मुलीच्या मुलीत तो उघड व्हायचा, तर सहसा तिच्या वडिलांचे डोळेही तसेच असावे लागतात. "म्हणजे आधी यांना तपासू," असे म्हणून त्यांनी पुस्तक जावईबापूंपुढे धरले. जावईबापूंनी शाळेतल्या मुलासारखे खणखणीत आवाजात एकेक आकडा वाचला. मग नातीने वाचला. बारा, आठ, एकोणतीस... मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. मला नुसते ठिपके दिसत होते, आणि ती भराभरा वाचत होती.

जिना उतरताना जावईबापू म्हणाले, "बाबा, डोळे माझ्या बाजूने ठीक निघाले, तेव्हा पेडलचे पैसे माझ्याकडे लागले." पन्नास लाखांचे काय, ते बोलले नाहीत. पण नागरी विमान खात्याची दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी कुठे होते, याची चौकशी त्यांनीच आदल्या आठवड्यात करून ठेवली होती, हे मला नंतर मुलीकडून कळले. म्हणून माझा सल्ला: ज्या मुलाला खरोखर वैमानिक व्हायचे आहे, त्याचे डोळे आधी तपासा, मग विमान ठरवा, मग टेबल मोजा, मग हात लावून योक निवडा. किंमत सर्वांत शेवटी.

आम्ही १८० अंश फिरणारे, खाच नसलेले योक घेतले. नवे बजेटात बसेना, तेव्हा वापरलेलेच घेतले; पण या खेपेला हात सोडून काटा स्थिर पाहून. दसऱ्याला ते डोंबिवलीत आमच्याकडे आले. पुस्तके, सौभाग्यवतींचे शिवणयंत्र आणि काकांची जुनी शिट्टी यांच्या ओळीत ते मांडले, हळद-कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि सोने वाटून झाल्यावर फळीला आवळले.

पहिले उड्डाण नातीने केले. सेस्ना जुहूहून उठली. पवईचा तलाव, ठाण्याची खाडी, आणि जेमतेम दहा मिनिटांत खाली उल्हास नदीचे वळण, पलीकडे मलंगगड. ज्या वाटेवर माझी तीस वर्षे उभ्याने गेली, ती दहा मिनिटांत! मग ती उठली आणि म्हणाली, "आबा, आता तुम्ही."

घरच्या विमानात चढताना कोणी पुस्तक पुढे धरीत नाही. मी बसलो. हात घट्ट आवळलेले. "सोडा हात, आबा," ती म्हणाली. मी सोडले. विमान सरळ जात राहिले. काका माझ्यामागे उभे होते. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला.

परतताना तिने मला सांताक्रूझच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीसमोर आणले. धावपट्टीच्या कडेला चार दिवे ओळीने असतात. चारही पांढरे दिसले तर आपण फार उंच, चारही तांबडे तर फार खाली. दोन तांबडे आणि दोन पांढरे म्हणजे उतरण बरोबर. मला तांबडा दिवा तांबडा दिसत नाही, मंद दिसतो.

"किती तांबडे, आबा?"

मी मंद दिवे मोजले. "दोन."

"बरोबर. असेच चला."

विमान दोनदा उडी मारून टेकले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, "उतरलात का? मग पानावर या. श्रीखंड वाढते आहे."